यादीत उंट होते, तेल नव्हतं: ॲबिसिनिया, १९३५-३६

इटलीने ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला म्हणून १८ नोव्हेंबर १९३५ पासून तिला काय काय विकायचं नाही, याची एक यादी राष्ट्रसंघाने, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखायला काढलेल्या देशांच्या संघटनेने, लागू केली. शस्त्रं आणि कर्ज बंद. इटलीचा माल घेणंही बंद. त्याशिवाय घोडे, खेचरं, गाढवं, उंट, रबर, कथिल, लोहखनिज, बॉक्साइट, ॲल्युमिनियम, मँगनीज, क्रोमियम, निकेल. यादी नीट वाचली की आधी हसू येतं आणि मग येत नाही. ॲल्युमिनियम इटली स्वतःच बनवत होती, गरजेपेक्षा जास्त. लोहखनिज बंद, पण तयार पोलाद चालू. खेचर बंद, पण खेचराची जागा घेणाऱ्या ट्रकमध्ये ओतायचं पेट्रोल चालू. कोळसाही चालू.

दुसऱ्या महायुद्धाकडे जाणारी वाट शिकवताना बहुतेक जण १९३८ च्या म्युनिक करारापाशी थांबतात, जिथे ब्रिटन-फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला देऊन टाकला. ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन, छत्री, हातातला कागद. गोष्ट सांगायला सोपी पडते. मला विचाराल तर म्युनिकच्या प्रयोगाची रंगीत तालीम आफ्रिकेत तीन वर्षं आधीच झाली होती, आणि तिथे सगळी पात्रं जास्त स्पष्ट दिसतात. कारण इथे आक्रमक कोण, याबद्दल वादच नव्हता. आरोपी ठरला, पन्नास देशांनी हात वर केले, निकाल लागला. घोळ झाला तो शिक्षेत. तो कसा झाला, कोणी केला आणि बाजूला बसून कोण पाहत होतं, एवढंच या प्रकरणात बघायचं आहे.

नाही म्हणणारा कोणी उरला नव्हता

मुसोलिनी ऑक्टोबर १९२२ मध्ये सत्तेवर आला तो क्रांती करून नव्हे. त्याच्या फॅसिस्ट पक्षाची काळ्या डगल्यांची माणसं रोमच्या वेशीपर्यंत आली होती, पण सैन्याने मनावर घेतलं असतं तर दुपारपर्यंत पांगली असती. राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने आणीबाणीच्या हुकमावर सही केली नाही आणि मुसोलिनीलाच सरकार बनवायला बोलावलं. तो मिलानहून रात्रीच्या गाडीने, झोपायच्या डब्यातून आला. पुढच्या वर्षी निवडणुकीचा कायदा बदलला: ज्या यादीला सर्वांत जास्त आणि किमान पंचवीस टक्के मतं, तिला दोन तृतीयांश जागा. ३० मे १९२४ ला समाजवादी खासदार जाकोमो मातेओत्ती याने निवडणुकीतली दांडगाई संसदेत उभं राहून वाचून दाखवली. अकरा दिवसांनी त्याला रस्त्यातून उचलून नेऊन मारलं. देशभर संताप झाला, विरोधकांनी सभात्याग केला आणि राजा कधी बोलतो याची वाट पाहत बसले. राजा बोलला नाही. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनीने संसदेत सांगितलं की जे झालं त्याची सगळी जबाबदारी माझी, काय करायचं ते करा. कोणी काही केलं नाही. १९२६ संपेपर्यंत बाकीचे पक्ष बेकायदा झाले होते.

हे इतकं भरभर सांगतोय, कारण पुढच्या प्रकरणासाठी यातली एकच गोष्ट लागते. समोरचे लोक रागावतात, पण शेवटचं पाऊल टाकत नाहीत, हे मुसोलिनीने घरातच शिकून घेतलं होतं.

बाहेरच्या जगात तोवर त्याचा दबदबा होता. गाड्या वेळेवर, शिस्त, कवायती, बाल्कनीतली भाषणं. आपल्याकडचे पाहुणेही त्याला भेटून आले. मार्च १९३१ मध्ये नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे रोमला जाऊन त्याला भेटले, तिथल्या तरुणांच्या लष्करी शिक्षणाच्या संस्था बघून आले. पुढे १९३७ मध्ये नाशिकला त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढलं. त्याच १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजीही त्याला भेटले.

पण बाल्कनीला सतत काहीतरी नवं लागतं. जागतिक मंदीने इटलीची बेकारी वाढवली होती, आणि एक जुनी जखम होती: अदोवा. १ मार्च १८९६ ला सम्राट दुसरा मेनेलिक याच्या फौजेने अदोवाच्या डोंगरांत इटालियन सैन्याचा धुव्वा उडवला होता. हजारो माणसं एका दिवसात पडली. युरोपातल्या सत्तेने आफ्रिकेत इतका मोठा मार खाणं तेव्हा न ऐकलेलं होतं. मुसोलिनी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. अदोवाचा सूड हा त्याच्या पिढीला घुटीतून मिळालेला शब्द होता.

ॲबिसिनिया हा देश मराठी माणसाला परका वाटायचं कारण नाही. आपला 'हबशी' शब्द तिथूनच आला. निजामशाही तोलून धरणारा मलिक अंबर तिथलाच, गुलाम म्हणून विकला गेलेला. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला तर 'हबसाण' असंच नाव होतं. असो.

१९२३ मध्ये हा देश राष्ट्रसंघाचा सभासद झाला. सभासद करून घ्या म्हणून आग्रह धरणाऱ्यांत इटली होती. १९२८ मध्ये दोघांनी वीस वर्षांचा मैत्रीचा तहही केला. हेले सेलासी १९३० मध्ये सम्राट झाला तेव्हा त्याच्याकडे दोन कागद होते: एक मैत्रीचा आणि एक सामूहिक सुरक्षिततेचा. दोन्हींवर रोमची सही होती.

पाण्याच्या विहिरी आणि दोन शब्द

५ डिसेंबर १९३४. ओगादेनच्या वाळवंटात वालवाल नावाची जागा. तिथे विहिरी आहेत आणि गुरं पाजायला टोळ्या येतात. जागा ॲबिसिनियाच्या हद्दीत सुमारे शंभर किलोमीटर आत, पण इटलीने आपल्या सोमालीलँडमधून येऊन तिथे ठाणं मांडलेलं. सीमा मोजायला आलेल्या ब्रिटिश-ॲबिसिनियन मंडळासोबतचे ॲबिसिनियन सैनिक आणि इटलीचे सोमाली शिपाई समोरासमोर आले, काही दिवस तणातणी झाली आणि मग गोळीबार. ॲबिसिनियाचे शंभरावर मेले, इटलीच्या बाजूचे सुमारे पन्नास.

इटलीने माफी मागितली, म्हणजे समोरच्याने मागावी अशी मागणी केली. वर नुकसानभरपाई आणि झेंड्याला सलामी. हेले सेलासीने प्रकरण जिनिव्हाला, राष्ट्रसंघाकडे नेलं. लवाद बसला. पण लवाद बसायच्या कितीतरी आधी, ३० डिसेंबरलाच, मुसोलिनीने आपल्या लोकांना गुप्त टिपण दिलं होतं: ॲबिसिनियाचं सैन्य मोडून देश पूर्ण घ्यायचा. लवादाने ३ सप्टेंबर १९३५ ला दोष कोणाचाच नाही असा निवाडा दिला. मधल्या नऊ महिन्यांत मसावा आणि मोगादिशूच्या बंदरांत माणसं, खेचरं, ट्रक, रस्ते करायचं सामान उतरत होतं. सगळं सुएझ कालव्यातून, टोल भरून.

या नऊ महिन्यांत पॅरिस आणि लंडन काय करत होतं? ७ जानेवारी १९३५ ला फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री पिएर लावाल रोममध्ये मुसोलिनीशी करार करून आला. ॲबिसिनियात आम्हाला आर्थिक हितसंबंध नाहीत, तुम्हाला मोकळीक, असं त्याने आतून सांगितलं. मोकळीक व्यापाराची की युद्धाची, यावर दोघे नंतर भांडले. त्या भांडणाला अर्थ नाही. असे शब्द मुद्दाम सैल ठेवले जातात, म्हणजे दोघांना हवं ते ऐकू येतं.

मार्चमध्ये हिटलरने व्हर्सायचा तह झुगारून सक्तीची लष्करभरती जाहीर केली. एप्रिलमध्ये इटलीतल्या स्ट्रेसा गावी, सरोवराकाठी, ब्रिटन, फ्रान्स आणि इटली जमले. हिटलरला आवरायची ही आघाडी. शेवटच्या निवेदनात शांतता धोक्यात आणणाऱ्या एकतर्फी कृतीला विरोध करू, असं वाक्य होतं. मुसोलिनीने त्यात भर घातली: 'युरोपची' शांतता. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड आणि परराष्ट्रमंत्री जॉन सायमन समोर बसलेले. कोणी विचारलं नाही की मग आफ्रिकेचं काय. या प्रकरणातला एकच क्षण गोठवून दाखवायचा तर मी तो दाखवीन. गप्प राहणं म्हणजे संमती, असं त्याने धरलं. कोण धरणार नाही?

आणि दोनच महिन्यांनी, १८ जूनला, ब्रिटनने फ्रान्स आणि इटलीला न विचारता हिटलरशी आरमाराचा करार केला. ब्रिटिश आरमाराच्या पस्तीस टक्के जहाजं बांधायची परवानगी. स्ट्रेसाची आघाडी तिच्या कर्त्यांनीच वाळवी लावून दिली.

लंडनची दोन तोंडं

ब्रिटनची अडचण खरी होती, हे आधी मान्य करू. त्याच जूनमध्ये 'शांतता मतदान' नावाच्या मोठ्या जनमत-पाहणीचे आकडे आले. एक कोटी पंधरा लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं होतं. आक्रमकावर आर्थिक निर्बंध लावावेत याला एक कोटीहून जास्त होकार. गरज पडली तर लष्करी बळ वापरावं याला सुमारे अडुसष्ट लाख. लोकांना राष्ट्रसंघ हवा होता. निवडणूक जवळ होती. दुसरीकडे नौदल म्हणत होतं की विमानविरोधी दारूगोळा कमी आहे, पूर्वेला जपान आहे, भूमध्य समुद्रात दोन-चार मोठी जहाजं गमावली तर ती भरून येणार नाहीत.

त्याच महिन्यात सर जॉन मॅफी याच्या समितीने सरकारला गुप्त अहवाल दिला: इटलीने ॲबिसिनिया घेतला तरी ब्रिटनच्या महत्त्वाच्या हितसंबंधांना धक्का नाही. हा अहवाल मुसोलिनीच्या टेबलावर पोचला होता. रोमच्या ब्रिटिश वकिलातीतला एक नोकर कागद बाहेर विकत असे. फेब्रुवारी १९३६ मध्ये इटालियन वर्तमानपत्राने तो चक्क छापला. समोरच्याच्या हातातले पत्ते दिसत असताना कोण डाव सोडतो?

११ सप्टेंबर १९३५ ला नवा परराष्ट्रमंत्री सॅम्युअल होर जिनिव्हात बोलायला उभा राहिला. राष्ट्रसंघाच्या कराराचं सामूहिक पालन, कोणत्याही विनाकारण आक्रमणाला ठाम विरोध. सभागृह थरारलं, छोट्या देशांचे प्रतिनिधी एकामागून एक उठून पाठिंबा देऊ लागले. हेच भाषण आदल्या दिवशी दुसऱ्या खोलीत उलटं झालं होतं. होर आणि लावाल यांनी आपसात ठरवलं होतं की लष्करी निर्बंध नाहीत, नाकेबंदी नाही, सुएझ बंद करणं नाही. युद्ध होईल असं काहीही नाही. लावालने डिसेंबरात फ्रेंच संसदेत स्वतःच हे सांगून टाकलं.

म्हणजे निर्बंध लागायच्या दोन महिने आधीच त्यांतले दात काढून ठेवले होते.

अंगठ्या

३ ऑक्टोबरला पहाटे जनरल एमिलिओ दे बोनो याचं सैन्य इटलीची वसाहत असलेल्या एरिट्रियातून मारेब नदी ओलांडून आत शिरलं. युद्ध जाहीर केलं नव्हतं. तीन दिवसांत अदोवा घेतलं. ७ ऑक्टोबरला राष्ट्रसंघाच्या परिषदेने इटलीने करार मोडला असा निर्णय दिला, चारच दिवसांत आमसभेत चोपन्नपैकी पन्नास देशांनी तो उचलून धरला. ऑस्ट्रिया, हंगेरी आणि आल्बेनिया इटलीसाठी वेगळे राहिले. इतक्या झपाट्याने आणि इतक्या एकमताने जिनिव्हात तोवर काही झालं नव्हतं. संघटना चालत नव्हती, असं म्हणणाऱ्यांनी हे आठ दिवस बघावेत.

मग ती यादी. तेल का नाही? अधिकृत उत्तर असं की अमेरिका राष्ट्रसंघात नाही. आपण बंद केलं तर ती विकेल. खरं होतं. अमेरिकेच्या ऑगस्टमधल्या तटस्थता कायद्याने दोन्ही बाजूंना शस्त्रं बंद केली, म्हणजे प्रत्यक्षात ज्याच्याकडे कारखाने नव्हते त्यालाच बंद केली. तेलाला कायद्यात हात नव्हता आणि अमेरिकन तेलाची इटलीला जाणारी विक्री वाढली. कोळशाची कसर जर्मनीने भरली. पण जे आतून बोललं जात होतं ते वेगळं: तेल बंद केलं तर मुसोलिनी ते युद्धाचं कृत्य मानेल, आणि आपल्याला युद्ध नको. ही धमकी मुसोलिनीनेच पेरली होती. उंटाला त्याची हरकत नव्हती. यादीत काय घालायचं हे शिक्षा भोगणाराच ठरवत होता, इतका सरळ अर्थ आहे त्याचा.

अर्ध्या निर्बंधांनी मात्र एक काम चोख केलं. १८ डिसेंबर १९३५ ला रोममधल्या पितृभूमीच्या वेदीपुढे रांगा लागल्या. सर्वांत पुढे राणी एलेना. तिने लग्नाची सोन्याची अंगठी काढून धुमसत्या पात्रात टाकली, बदल्यात पोलादाची अंगठी घेतली. मागून हजारो बायका. ज्यांच्या घरात सोनं म्हणून तेवढंच होतं अशा बायका. मंगळसूत्र उतरवून देण्यासारखीच गोष्ट ती, आपल्याकडच्या बाईला लगेच कळेल. राजवटीचा उघड विरोधक असलेला तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे यानेही आपलं सिनेटरपदाचं पदक देशासाठी दिलं. पन्नास देश आपल्याविरुद्ध उठलेत हे सांगून मुसोलिनीने ती गर्दी जमवली होती. निर्बंध इतके कडक नव्हते की युद्ध थांबावं, पण इतके नक्की होते की माणसं त्याच्या मागे उभी राहावीत.

उंटांची वाट

ब्रिटनची निवडणूक १४ नोव्हेंबरला झाली. राष्ट्रसंघाच्या बाजूने बोलत स्टॅन्ली बाल्डविनने ती आरामात जिंकली. तीन आठवड्यांनी होर सुट्टीवर स्वित्झर्लंडला निघाला. वाटेत पॅरिसला थांबला आणि लावालसोबत ७-८ डिसेंबरला एक आराखडा करून टाकला. ॲबिसिनियाचा मोठा प्रदेश थेट इटलीला, दक्षिणेकडचा त्याहून मोठा भाग इटलीच्या आर्थिक ताब्याला, आणि बदल्यात सम्राटाला समुद्राकडे जाणारी एक चिंचोळी पट्टी, असाब बंदरापर्यंत. तिच्यावरून रेल्वे टाकायची नाही, अशीही अट होती. लंडनच्या 'टाइम्स'ने त्या पट्टीची 'उंटांची वाट' म्हणून खिल्ली उडवली.

दुसऱ्याच दिवशी पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी सगळं छापलं. होर तोवर स्वित्झर्लंडमध्ये बर्फावर स्केटिंग करताना पडून नाक मोडून घेऊन बसला होता. परतला तो नाकाला पट्टी बांधून. महिन्याभरापूर्वी राष्ट्रसंघाच्या नावावर मत दिलेल्या लोकांनी खासदारांना पत्रांनी गाडून टाकलं. १८ डिसेंबरला होरने राजीनामा दिला. तोच दिवस, रोममध्ये अंगठ्या पडत होत्या. अँथनी ईडन त्याच्या जागी आला. लावालही जानेवारीत गेला. आराखडा मेला, पण काम झालं होतं. छोट्या देशांना कळलं की मोठे आतून सौदा करताहेत. तेलबंदीवर जोर लावायला आता कोण पुढे येणार?

आकाशातून

आघाडीवर इटालियन सैन्य अडखळत होतं. दे बोनो हळू आहे म्हणून मुसोलिनीने त्याला काढून मार्शल पिएत्रो बादोग्लिओ याला पाठवलं. डिसेंबरात ॲबिसिनियन फौजांनी उलट हल्ला चढवला आणि त्याच सुमारास विषारी वायूचा वापर सुरू झाला. मोहरी वायू म्हणतात त्याला, पण तो वायू कमी आणि तेलकट द्रव जास्त. आधी बॉम्बमधून, मग विमानांतून फवारून. ॲबिसिनियाचे सैनिक बहुतेक अनवाणी असत. गवतावर, पायवाटेवर, ओढ्यात तो पडलेला असे. पाय टाकला की काही तासांनी कातडी फोडांनी भरून सोलून निघे. गुरं त्याच ओढ्याचं पाणी पीत. बायका तेच घरी नेत. असा वायू वापरणार नाही, या १९२५ च्या जिनिव्हा करारावर इटलीची सही होती. शेकडो टन वापरला गेला. ३० डिसेंबरला दक्षिणेत मेल्का दिदा इथलं स्वीडिश रेड क्रॉसचं रुग्णपथक बॉम्बने उडवलं. वायू वापरल्याचं इटलीच्या संरक्षण मंत्रालयाने अधिकृतपणे कबूल केलं ते १९९६ मध्ये, साठ वर्षांनी.

मार्चचा पहिला आठवडा

या प्रकरणाचा सांधा इथे आहे. २ मार्च १९३६ ला जिनिव्हात तेलाचा प्रश्न पुन्हा निघाला. ईडनने सांगितलं की ब्रिटन आता तेलबंदीच्या बाजूने आहे. फ्रान्सचा नवा परराष्ट्रमंत्री फ्लांदँ म्हणाला, दोन्ही पक्षांना समेटाचं एकदा शेवटचं विचारून बघू. काही दिवसांची मुदत घेतली.

७ मार्चला, शनिवारी सकाळी, हिटलरचं सैन्य जर्मनीच्या पश्चिम सीमेवरच्या ऱ्हाइनलँडमध्ये शिरलं. हा पट्टा निर्लष्करी ठेवायचा असं व्हर्सायच्या तहात होतं आणि लोकार्नो करारात जर्मनीने ते राजीखुशीने पुन्हा कबूल केलं होतं. त्या लोकार्नोचे दोन हमीदार होते: ब्रिटन आणि इटली. आता इटलीला हमी पाळायला सांगणार कोण, तिच्यावर निर्बंध लावून बसलेले? शिवाय हिटलरने घराचा उंबरठा आधीच तपासून घेतला होता. जानेवारीत मुसोलिनीने जर्मन राजदूताला कळवलं होतं की ऑस्ट्रिया जर्मनीच्या छायेत गेला तरी आपली हरकत नाही. हाच मुसोलिनी जुलै १९३४ मध्ये व्हिएन्नात नाझींनी चॅन्सेलर डॉलफुसचा खून केल्यावर ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीत सैन्य घेऊन उभा राहिला होता. आणि हाच हिटलर १९३५ मध्ये ॲबिसिनियाला गुपचूप शस्त्रं पुरवत होता, युद्ध लांबावं म्हणून. इटली आफ्रिकेत जितकी रुतेल तितकी युरोपात मोकळी जागा, एवढा त्याचा हिशेब.

ऱ्हाइन ओलांडून पलीकडे गेल्या त्या तीन बटालियन. फ्रान्सने सीमेवरची ठाणी भरली आणि ब्रिटनकडे बघितलं. ब्रिटनने चर्चा सुचवली. तेलबंदीचा विषय त्या गोंधळात बुडाला आणि पुन्हा वर आला नाही. एकाला आवरायचं म्हणून दुसऱ्याला सांभाळलं होतं. एका शनिवारी दोघेही हातचे गेले.

याच मार्चमध्ये एक छोटी गोष्ट घडली. कमला नेहरूंचं स्वित्झर्लंडमध्ये निधन झालं होतं आणि जवाहरलाल नेहरू विमानाने भारतात परतत होते. वाटेत रोमला मुक्काम. मुसोलिनीला त्यांना भेटायचं होतं, सांत्वन करायचं होतं. अधिकारी आग्रह करत राहिले. नेहरूंनी भेट नाकारली. ॲबिसिनियाचं युद्ध चालू असताना या भेटीचा उपयोग प्रचारासाठी होईल, हे त्यांना दिसत होतं. हातात सत्ता नसलेल्या, नुकत्याच विधुर झालेल्या माणसाला जे जमलं ते भल्याभल्यांना त्या वर्षी जमलं नाही.

मायचूला ३१ मार्चला सम्राटाची शेवटची मोठी लढाई झाली. २ मे रोजी तो आगगाडीने जिबुतीकडे गेला, ५ मे ला बादोग्लिओ अदिस अबाबात शिरला, ९ मे ला रोमच्या बाल्कनीतून साम्राज्य जाहीर झालं. ३० जूनला हेले सेलासी जिनिव्हाच्या व्यासपीठावर चढला तेव्हा वरच्या गॅलरीतून इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली. ते थांबेपर्यंत तो काळ्या झग्यात उभा राहिला आणि मग अम्हारिकमध्ये बोलला. वायूचं, फवारणीचं सगळं सांगितलं. शेवटी विचारलं: माझ्या लोकांकडे मी काय उत्तर घेऊन जाऊ? ३ जुलैला त्याच सभागृहात श्टेफान लुक्स नावाच्या ज्यू पत्रकाराने, जर्मनीतल्या ज्यूंकडे जगाचं लक्ष जावं म्हणून, स्वतःवर गोळी झाडून घेतली. सभा पुढे चालू राहिली. दुसऱ्या दिवशी निर्बंध उठवायचा ठराव झाला आणि १५ जुलैला ते उठले.

तेल बंद केलं असतं तर

हिटलरचा दुभाषा पाउल श्मिट याने नोंदवून ठेवलंय की पुढे मुसोलिनी हिटलरला म्हणाला, राष्ट्रसंघाने तेल बंद केलं असतं तर मला आठवड्यात ॲबिसिनियातून माघार घ्यावी लागली असती. हे वाक्य सगळीकडे सापडतं. मी त्याला अर्धाच मान देतो. जिंकल्यावर माणूस आपण किती मोठा जुगार खेळलो ते फुगवून सांगतो. साठा होता, आणि अमेरिकन तेल आलंच असतं, महाग का होईना. सुएझची गोष्ट वेगळी. पाच लाखांच्या आसपास माणसं त्या कालव्यापलीकडे होती. कालव्याचं तोंड बंद झालं असतं तर ती तिथेच अडकली असती, तेल असो वा नसो. १८८८ च्या करारानुसार कालवा युद्धातही सर्वांना खुला, असं लंडन सांगत राहिलं. एका कराराचा एवढा आदर, आणि दुसऱ्याचा, ज्यात सभासद देशाचं रक्षण लिहिलं होतं, अजिबात नाही.

पण माझ्या मते खरा तोटा ॲबिसिनिया गेला एवढाच नव्हता. ब्रिटन-फ्रान्सने मुसोलिनीला चिडवलं, पण अडवलं नाही. यातलं एक काहीतरी करायचं होतं. ऑक्टोबर १९३६ मध्ये इटली आणि जर्मनीचा समझोता झाला आणि १ नोव्हेंबरला मिलानमध्ये मुसोलिनीने 'अक्ष' हा शब्द वापरला. डिसेंबर १९३७ मध्ये इटलीने राष्ट्रसंघ सोडला. मार्च १९३८ मध्ये हिटलर ऑस्ट्रियात शिरला तेव्हा ब्रेनर खिंडीत कोणी नव्हतं. मुसोलिनीची हरकत नाही, हे फोनवर कळल्यावर हिटलरने निरोप धाडला की हे मी कधीही विसरणार नाही. सहा महिन्यांनी म्युनिक.

केरेन

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि १९३५ मध्ये टाळलेली लढाई ब्रिटनला त्याच डोंगरांत लढावी लागली. फरक एवढाच की लढायला गेलेल्यांत खूप जण हिंदुस्थानातले होते. एरिट्रियात केरेनच्या खिंडीवर फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये चौथी आणि पाचवी इंडियन डिव्हिजन चढत होत्या, त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही. सुळके उभे, वर इटालियन तोफा. ट्रक पायथ्याशी थांबत. पाणी आणि दारूगोळा माणसांनी पाठीवरून वर न्यायचा. २७ मार्चला केरेन पडलं. ५ मे १९४१ ला, इटालियन सैन्य राजधानीत शिरल्याला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, हेले सेलासी अदिस अबाबात परतला.

इटालियन फौज शेजारच्या सुदानवरही आली होती, आणि तिला मागे रेटणाऱ्यांत हे शिपाई होते. सुदानने त्यांच्या स्मरणासाठी एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले. त्या पैशांतून खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मुख्य इमारत उभी राहिली. तिचं नाव सुदान ब्लॉक. पुण्याची माणसं तो घुमट लांबून बघतात, पलीकडच्या रस्त्याने सिंहगडावर जाताना.